पहिलं पाऊल टेकवण्याआधी

«ताई, नमस्कार. माझं वय ४७. राजारामपुरीत माझी खानावळ आहे, क्लासच्या आणि कॉलेजच्या पोरांचे डबे करते. पहाटे साडेचारला ओट्याशी उभी राहते ती अकराला सुटते, पुन्हा संध्याकाळी पाच ते नऊ. गेले आठ महिने उजवी टाच दुखतेय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की खिळा रुतल्यागत कळ येते, मोरीपर्यंत भिंत धरून जाते. जरा चाललं की सुटं होतं, पण दुपारी टेकून परत उठलं की पुन्हा तेच. एक्स-रे काढला, टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. मार्चमध्ये टाचेत इंजेक्शन घेतलं, महिनाभर लई बरं वाटलं, मग पहिल्यासारखं. आता दुसरं घ्या म्हणतात. मला दोन वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. सासूबाई तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकायला सांगतात. जाऊबाई म्हणतात युरिक ॲसिड असणार, डाळ-टोमॅटो बंद कर. पोरगी म्हणते वजन वाढलंय, रोज रंकाळ्याला फेरी मार. आमचे मिस्टर म्हणतात पूर्वीची माणसं कोल्हापुरी चप्पल घालायची, कुणाच्या टाचा दुखत नव्हत्या. आणि नवरात्रात मी दरवर्षी नऊ दिवस अनवाणी असते. यंदा काय करू? हाड कापावं लागेल का?
— एक खानावळवाली, कोल्हापूर»

ताई,

हाड कापायचं नाही. एवढं वाचून भाजी फोडणीला टाका, बाकीचं दुपारी निवांत वाचलं तरी चालेल.

तुम्ही समोर बसला असता तर मी जे प्रश्न विचारले असते त्यांची उत्तरं तुम्ही पत्रातच देऊन टाकली आहेत. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, चालल्यावर सुटं, बसून उठलं की पुन्हा कळ. टाचदुखीच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराची ही खूण. एक गोष्ट आज करून बघा. पलंगावर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या आणि टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला, जिथं टाच संपून पायाची कमान सुरू होते तिथं अंगठ्यानं दाबा. 'आई गं' झालं तर दुखणं कुठलं ते बहुतेक कळलंच. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. तुमच्या कागदांवरही कुठेतरी ते लिहिलेलं असेल.

टाचेच्या हाडापासून निघून पायाच्या बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो. पायाची कमान त्यानंच ताणून धरलेली असते. आपण पाऊल पुढं टाकताना टाच उचलतो आणि बोटं मागं वाकतात, तेव्हा हा पट्टा बोटांच्या मुळाशी रहाटावर दोर गुंडाळावा तसा ओढला जातो आणि कमान वर उचलली जाते. हिक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५४ साली हे नीट मांडलं. तुमच्या घरी किंवा माहेरी विहिरीवर रहाट असेल तर वेगळं समजवायला नको. दोर सगळ्यात जास्त कुठं झिजतो? जिथं तो बांधलेला असतो तिथं. पट्टा टाचेच्या हाडाला बांधलेला आहे, म्हणून दुखतं तिथं. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा तासन्‌तास आखडून राहतो. पहाटे चारला तुम्ही उठता आणि एका झटक्यात सगळं वजन त्याच्यावर टाकता. तो खिळा म्हणजे हे.

रोगाच्या नावात सूज आहे खरी ('आयटिस' म्हणजे सूज), पण महिनोन्‌महिने चाललेल्या टाचांमधून काढलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा सुजेपेक्षा झीज जास्त दिसली. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि गोळी थांबली की पुन्हा येरे माझ्या मागल्या. झिजलेल्या पट्ट्याला गोळी जाऊन टाका घालत नाही. शुगर असताना त्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानं महिनाभर खाणं मूत्रपिंडाला परवडणारं नाही, हेही लक्षात असू द्या.

आता ते वाढलेलं हाड. एक्स-रेत ते टोक दिसलं की माणूस घाबरतो, कारण चित्रात ते अगदी काट्यासारखं दिसतं आणि दुखतंही काट्यासारखंच. दोन्हींचा मेळ आपण मनातच घालून टाकतो. पण टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तसंच टोक असतं. आणि तुमची टाच पूर्ण बरी झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तर ते टोक तिथंच असेल. काळजी त्याची करायची नाही. एक्स-रेची फाइल कपाटात ठेवून द्या.

दुसऱ्या इंजेक्शनचं मात्र सविस्तर बोलू. ते स्टेरॉइडचं असतं. त्यानं मिळणारा आराम बहुतेकांत महिनाभराचा असतो, तुमचा अनुभवही तोच. ते खोटं औषध नाही. लग्नकार्य तोंडावर आलंय, पाय टेकवत नाही, अशा वेळी एखाद्याला ते लागतं. पण पुन्हा पुन्हा घेतल्यानं पट्टा तुटण्याचा धोका वाढतो, आणि टाचेखाली निसर्गानं दिलेली चरबीची गादी पातळ होऊ शकते. ती एकदा गेली की बाजारात मिळत नाही. शिवाय स्टेरॉइडमुळं काही दिवस रक्तातली साखर वर जाते. मार्चमधल्या इंजेक्शननंतर तुम्ही साखर तपासली होती का? नसेल, तर सुई देणाऱ्यांना तुमच्या गोळीबद्दल माहीत होतं का ते एकदा विचारा. माझं मत विचाराल तर खाली सांगितलेलं तीन महिने मनापासून करा आणि तोवर सुई थांबवा. आठ महिन्यांत एक्स-रे झाला, सुई झाली, शेकाचे नि पथ्याचे सल्ले झाले. पण व्यायामाचा एक शब्द पत्रात नाही. कुणी सांगितलाच नसेल, तुमचा दोष नाही.

पहिला व्यायाम पलंगातच, पाय जमिनीला लागायच्या आधी. उजवा पाय डाव्या मांडीवर. उजव्या हातानं पाचही बोटं मुळापासून धरायची आणि नडगीकडं मागं ओढायची, तळव्यातला पट्टा ताठ होईपर्यंत. डाव्या अंगठ्यानं चाचपून बघा, सतारीच्या तारेसारखा लागला पाहिजे. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. पहाटेचं एक ठरलेलं, आणि बाकीची दोन जेव्हा जेव्हा बराच वेळ बसून उठणार असाल त्याच्या आधी. दुपारी टेकून उठताना कळ येते म्हणता ना, मग उठून भिंत धरण्यापेक्षा बसल्या जागी बोटं ओढा आणि मगच उठा. अमेरिकेत २००३ साली शंभरेक रुग्णांवर हे करून पाहिलं होतं, आणि त्यातले सगळे दहा महिन्यांहून जास्त काळ टाच धरून बसलेले होते. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा असा पट्टा ताणणाऱ्यांना आठ आठवड्यांत जास्त आराम पडला. खर्च शून्य, वेळ तीन मिनिटं. पण पहाटे गडबडीत नेमकं हेच राहतं. उशाशी एक जाड दोरी किंवा जुनी ओढणी ठेवा. ती दिसली की आठवेल, आणि पोट आड येऊन हात बोटांपर्यंत पोचत नसेल तर तिच्यानंच पाय ओढता येईल.

पोटरीही ताणायचीच आहे. भिंतीला दोन्ही हात लावून उजवा पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, तीस आकडे. मग तोच पाय गुडघ्यात किंचित वाकवून पुन्हा तीस. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये होऊन जातं.

हे झालं सैल करण्याचं. पण झिजलेला पट्टा नुसता सैल करून भागत नाही, त्याला ताकद द्यावी लागते, आणि इथं लोकांची गाडी अडते. दुखतंय म्हटल्यावर आराम, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पेठेतल्या कुठल्याही तालमीतल्या वस्तादांना विचारा. दुखापतीतून उठलेल्या पोराला ते कायमचं खाटेवर झोपवत नाहीत आणि पहिल्याच दिवशी पाचशे बैठकाही मारायला लावत नाहीत. वीस, मग तीस, मग चाळीस. टाचेचंही तेच. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ साली छापून आला, त्यात टाचा उचलण्याचा सावकाश, जड व्यायाम करणारे तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांच्या बरेच पुढं होते. वर्षभरानं मात्र दोन्ही गट सारख्याच पातळीवर आले, हेही सांगून टाकते. म्हणजे जड व्यायामानं बरं व्हायचं ते लवकर होतं. तुमच्या धंद्याला ते नऊ महिने महत्त्वाचे आहेत.

तो असा करायचा. जिन्याच्या पायरीवर कडेला उभं राहायचं, कठड्याला हात. पंचाची किंवा टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील आणि रहाटाचा दोर गुंडाळला जाईल. मग टाचा उचलायच्या: तीन आकड्यांत वर, वर दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. घाई नाही. आधी दोन्ही पायांवर, बारा वेळा, थोडं थांबून असे तीन फेरे. एक दिवस आड. जमायला लागलं की फक्त उजव्या पायावर. दोन-तीन आठवड्यांनी पोरीचं जुनं दप्तर पाठीला अडकवून त्यात दोन किलो तांदूळ, पुढं वाढवत जायचे आणि फेऱ्यातली संख्या दहा, मग आठ अशी कमी करायची. करताना थोडं दुखणार. किती चालेल? आपल्याकडं पेशंट आण्यात सांगतात, 'बारा आणे बरं आहे ताई' असं. तसंच मोजा. रुपयात सहा-सात आण्यांपर्यंत दुखलं तर करत राहा. त्याहून जास्त, किंवा दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा वाईट, तर वजन कमी करा. व्यायाम बंद करू नका.

आता ओटा. खरं दुखणं तिथून आलंय आणि तिथंच आटोक्यात येणार. दिवसाला दहा-साडेदहा तास शहाबादी फरशीवर, अनवाणी, एकाच जागी. चालणाऱ्या माणसाच्या पायावर भार येतो-जातो. उभ्या माणसाच्या पायावर तो मुक्काम करतो. व्यायामशाळेत टाकतात तसली जाड रबरी मॅट ओट्यासमोर टाका. घडी घातलेली सतरंजी नको, सरकते, आणि हातात तेलाची कढई असते. ओट्याखाली एक पाट ठेवा, त्यावर आलटून पालटून एक पाय ठेवत जा. आणि जे बसून होतं ते बसून करा. भाजी निवडणं, लसूण सोलणं, भाकरीचं पीठ मळणं यासाठी उभं राहण्याचं कारण नाही. भाकऱ्याही काटवटीत बसून थापणाऱ्या बायका तुम्ही-आम्ही पाहिलेल्या आहेतच. ओटा आला आणि आपण सगळ्या उभ्या झालो. तुमच्या मदतीच्या बाईंना अर्धा तास भाजायला उभं करून तुम्ही थापायला बसलात, मग अदलाबदल केलीत, तर दोघींचेही पाय वाचतील. गौरी-गणपतीत पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतल्या असतील तर त्या चार दिवसांसाठी फिजिओथेरपिस्टकडून टाचेला टेप लावून घ्या. तो काही दिवसांचाच आधार असतो, पण तेवढ्यापुरता चांगला.

आणि घरात चप्पल घाला.

हे वाक्य लिहिताना मला सासूबाई दिसल्या. स्वयंपाकघरात चप्पल! माझ्या आईनं मला यावरून दोन महिने टोमणे मारले. उपाय सोपा आहे: घरातली चप्पल वेगळी, ती उंबऱ्याबाहेर कधीच जायची नाही, दर आठवड्याला धुवायची. मऊ तळाची, पण लिबलिबीत नव्हे. दुकानात हातात घेऊन वाकवून बघा. मधोमध पोळीसारखी घडी पडली तर परत ठेवा. बोटांपाशी वाकली पाहिजे, मध्ये नाही. टाचेकडं थोडी उंची हवी. शुगरवाल्यांसाठी एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या) तळाच्या चपला मिळतात, त्या तुम्हाला दोन्ही कारणांनी चालतील. बाहेरच्या चपलेत सिलिकॉनची टाचेची गादी घालणार असाल तर दोन्ही पायांत घाला, एकाच पायात घातलीत तर कंबर बोलायला लागेल. आणि पायाचा साचा काढून करतात त्या महागड्या गाद्यांच्या मागं लागू नका. माझी टाच धरली होती तेव्हा मी स्वतः, या विषयाची माणूस असून, आठ हजार रुपये त्यात घातले. तयार मिळणाऱ्या साध्या गादीपेक्षा त्यांचा फार जास्त उपयोग होतो असं अभ्यासांत दिसत नाही. मी ते वाचलेलं होतं. दुखत असलं की माणूस वाचलेलं विसरतो.

मिस्टरांच्या कोल्हापुरीबद्दल. आपल्या चपलेचा मला अभिमान आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेही आपल्याला आणि कर्नाटकाला मिळून. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, गादी नसते. पायाला सवय असलेल्या, टाच न दुखणाऱ्या माणसाला ती उत्तम. तुमच्या टाचेला पुढचे तीन-चार महिने ती लग्नाला, हळदी-कुंकवाला तासभर ठीक. पूर्वीच्या लोकांच्या टाचा दुखत नव्हत्या असं नाही, त्याला 'वात' म्हणायचे आणि रुईचं पान बांधायचे. सासूबाईंना ते पान माहीत आहे ते उगाच नाही. आणि ती माणसं मातीत चालत होती. शिवाय आता पावसाळा. कातडी चपला कपाटात गेल्या आणि सगळं गाव पातळ रबरी सपातांवर आलंय. जून ते सप्टेंबर टाचदुखीचे पेशंट माझ्याकडं का वाढतात याचं माझ्यापुरतं उत्तर ते आहे. तुमची पावसाळी चप्पल उलटी करून बघा, टाचेखाली गुळगुळीत झाली असेल तर आजच फेका.

रुईचं पान आणि वीट. शेकानं बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही, पण शुगर असलेल्या पायाला तापलेली वीट लावायची नाही. पायाची संवेदना थोडी जरी कमी झालेली असेल तर भाजल्याचं कळत नाही आणि ती जखम भरायला महिने लागतात. सासूबाईंना हेच कारण सांगा, त्यांचा मानही राहील. रुईचा चीक डोळ्याला लागला तर फार वाईट, तेही घरात लहान मूल असेल तर ध्यानात ठेवा. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवण्याबद्दलही तोच इशारा: आधी पायाची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग कापड गुंडाळून पाच-दहा मिनिटं.

युरिक ॲसिडचं दुखणं बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात येतं, लाल होतं, सुजतं, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. तुमचं तसं नाही. वरण खा. आमटीत टोमॅटोही घाला.

रंकाळ्याबद्दल मुलगी अर्धी बरोबर आहे. वजनाचा आणि टाचेचा संबंध आहे, आणि साखरेसाठीही चालणं हवं. पण दहा तास उभी राहिलेली टाच घेऊन संध्याकाळी तळ्याला पुरा वेढा घालायचा, हे म्हणजे कुस्ती हरलेल्या पैलवानाला लगेच दुसरी जोड लावण्यासारखं. पहिले सहा आठवडे सायकल मिळाली तर सायकल, नाही तर खुर्चीवर बसून हातापायांचे व्यायाम. पाऊल सुधारलं की रंकाळ्यावर दहा मिनिटं, बूट घालून, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत. वजनाचं मी आज जास्त बोलत नाही. दिवसभर दुसऱ्यांचं जेवण चाखणाऱ्या बाईला 'कमी खा' सांगणं फार सोपं असतं.

नवरात्र. इथं मी मवाळ बोलणार नाही. टाचेसाठी नाही, शुगरसाठी. नऊ दिवस अनवाणी, भर ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या डांबरावरून, अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत आणि ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर. काच, खिळा, चटका, काहीही लागू शकतं आणि कळायला उशीर होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी फिरू नये, हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत. यंदा वाटेवर चप्पल घाला. देवळाच्या आवारात तुम्ही-आम्ही सगळेच चपला काढून जातो, तेवढं अनवाणीपण आपोआप घडतं; तेव्हा जाड सुती मोजे घाला. घरी आल्यावर रोज दोन्ही तळवे आरशात किंवा मोबाइलच्या उजेडात बघा. नेमाबद्दल मनाला लागत असेल तर त्याऐवजी नऊ दिवस दुसरं काही धरा, डब्यांतला एक डबा रोज कुणा गरजूला द्या म्हणते मी. ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार?

किती दिवस लागतील हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. हे दुखणं आठवड्यांत नाही, महिन्यांत जातं. सुई-शस्त्रक्रियेशिवाय दहापैकी आठ-नऊ माणसं वर्षभरात बरी होतात. दिवसागणिक बघितलंत तर खचाल, कारण ते वर-खाली होतच राहतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एकच आकडा लिहा: पलंगापासून किती पावलं लंगडलात. आज मोरीपर्यंत चौदा असतील. महिन्यानं नऊ झाली तर आपण बरोबर रस्त्यावर आहोत, मग दुखणं तेवढंच का वाटेना. तीन महिन्यांत आकडा हललाच नाही तर पुन्हा दाखवा. शॉकवेव्ह नावाचा, यंत्रानं ध्वनिलहरींचे ठोके देण्याचा एक उपचार जुनाट टाचदुखीला देतात, त्याचा विचार तेव्हा करू. शस्त्रक्रिया ही फार थोड्यांची आणि अगदी शेवटची गोष्ट.

काही गोष्टींत मात्र तीन महिने थांबायचं नाही. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जोरात दुखली, तर हाडाला बारीक चीर असू शकते. रात्री पडल्या पडल्या, पाय टेकलेला नसताना ठणकून जाग आली. तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा आला. टाच लाल, गरम झाली, ताप आला, कुठं जखम दिसली. चालताना तळव्यात काहीतरी तुटल्यासारखं होऊन काळंनिळं पडलं. किंवा दुसरीही टाच धरली आणि सोबत सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडायला लागली. यातलं काहीही झालं तर लगेच हाडांच्या डॉक्टरांकडं. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर सरकारी रुग्णालयात दाखवा, आणि शुगरचे कागद सोबत न्या.

उद्या पहाटे पावणेचारचा गजर लावा. वरची पंधरा मिनिटं टाचेची.

ता. क. रबरी मॅट घ्याल तेव्हा लांब घ्या, दोघींना उभं राहता येईल अशी. तुमच्या मदतीच्या बाईंच्या टाचेनं अजून मला पत्र लिहिलेलं नाही.